हळदीचा पिवळा, चुड्याचा हिरवा: लग्नाच्या फोटोंत प्रकाशाचे रंगतापमान कसे सांभाळावे

अंगणात मांडव घातलेला आहे, अवेळी पाऊस आलाच तर पंचाईत नको म्हणून वर निळी ताडपत्री ताणलेली आहे आणि तिच्याखाली पाटावर बसलेल्या नवरीला हळद लागते आहे. समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती हळद पिवळीधमक दिसते. फोटोत मात्र ती शेवाळल्यासारखी उतरते, नवरीचा चेहरा आजारी माणसासारखा करडा पडतो आणि हातातला हिरवा चुडा मोरपंखी होऊन बसतो. माझ्या मावसबहिणीच्या हळदीचे असे शंभरावर फोटो मी काढले होते, तेही जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के करून दिलेल्या फाइलमध्ये, आणि त्यांतले फारच थोडे पुढे अल्बममध्ये लावण्याजोगे निघाले. कॅमेरा बिघडलेला नव्हता, एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला प्रकाश, तेही बरोबर होते. ताडपत्रीतून गाळून येणारा प्रकाश निळा आहे, हे मात्र मी पाहिलेच नव्हते.

तो दिसत नाही, यातच खरी अडचण आहे. डोळा आणि मेंदू मिळून प्रकाशाचा रंग सतत वजा करत असतात. पिवळ्या बल्बाखाली पांढरा सदरा आपल्याला पांढराच दिसतो आणि ढगाळ दुपारी, सावलीत किंवा ट्यूबलाइटखालीही तो पांढराच दिसतो. कॅमेऱ्याचा सेन्सर अशी वजाबाकी आपण होऊन करत नाही. सदऱ्यावरून जेवढा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश परत आला तेवढा तो नोंदवतो. त्यानंतर प्रकाश कोणत्या रंगाचा होता हे त्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि हे सांगणे म्हणजेच व्हाइट बॅलन्स. ते कॅमेऱ्यावर सोडायचे की स्वतः सांगायचे, हा निर्णय छायाचित्रकाराचा आहे. लग्नासारख्या प्रसंगी, जिथे हळद, कुंकू, शालू आणि चुडा यांचे रंग पुन्हा दाखवता येत नाहीत, तिथे तो स्वतः घ्यावा असे माझे ठाम मत आहे.

केल्विनचा आकडा कशाचा?

देवापुढची समई जवळून पाहावी. ज्योतीचा जो पिवळा, तेजस्वी भाग दिसतो, त्यात कार्बनचे अतिसूक्ष्म कण तापून प्रकाशत असतात. हेच कण ज्योतीवर ताटली धरली की तिच्यावर काजळी होऊन जमतात आणि तुपात खलून त्यांचे काजळ होते. तापलेली वस्तू किती तापली आहे यावर तिच्या प्रकाशाचा रंग ठरतो: कमी तापमानाला तो तांबूस, मग नारिंगी, मग पिवळट, आणखी तापल्यावर पांढरा आणि त्याहूनही वर निळसर होतो. हे तापमान म्हणजेच त्या प्रकाशाचे रंगतापमान, आणि ते केल्विनमध्ये मोजतात. समईतल्या त्या कणांचा प्रकाश साधारण 1900 केल्विनचा असतो. जुन्या पिवळ्या बल्बातली टंगस्टनची तार 2700 ते 2850 केल्विनच्या आसपास असते, तर व्हिडिओसाठी पूर्वी सर्रास वापरला जाणारा हॅलोजन 3200 केल्विनचा असतो. डोक्यावरच्या सूर्याचे थेट ऊन सुमारे 5200 ते 5500 केल्विन धरावे. केल्विन हे निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे 273.15 अंश सेल्सिअसपासून मोजलेले तापमान आहे. त्याच्यामागे ‘अंश’ हा शब्द लावत नाहीत.

इथे एक गोंधळ होतो, तो पहिल्याच दिवशी निस्तरून टाकावा. बोलताना आपण पिवळ्या प्रकाशाला उबदार आणि निळ्याला थंड म्हणतो, पण केल्विनच्या मापात पिवळा प्रकाश कमी तापमानाचा असतो आणि निळा जास्त. उबदार हा शब्द मनाला काय वाटते ते सांगतो, केल्विनचा आकडा तापलेल्या वस्तूविषयी सांगतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त त्यांची सरमिसळ करू नये.

एलईडी आणि ट्यूबलाइट यांच्या बाबतीत हा आकडा थोडा उसना असतो. एलईडीमध्ये 6500 केल्विनला तापलेले असे काहीच नसते. निळा प्रकाश देणारी चकती आणि तिच्यावरचा पिवळा फॉस्फर यांच्या मिश्रणातून पांढरा प्रकाश तयार केलेला असतो आणि तो साधारण 6500 केल्विनच्या प्रकाशासारखा दिसतो, एवढाच खोक्यावरच्या आकड्याचा अर्थ. म्हणूनच अशा दिव्यांच्या प्रकाशात पिवळा-निळा हा एकच तोल सांभाळून भागत नाही. त्यात बहुधा हिरवट, क्वचित जांभळट झाक शिल्लक राहते आणि ती काढण्यासाठी टिंट नावाची दुसरी पट्टी वापरावी लागते. स्वस्त ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत केल्विन कितीही हलवले तरी चेहरे हिरवटच राहत असतील, तर दोष केल्विनचा नसतो. टिंट जांभळ्याकडे थोडी सरकवली की चेहऱ्यावर रक्त आल्यासारखे वाटते.

आणखी एक हिशेब कामाला येतो. केल्विनमधला सारखाच फरक सगळीकडे सारखा दिसत नाही. 2800 आणि 3200 या दोन दिव्यांतला फरक फोटोत लगेच डोळ्यांवर येतो, पण 6000 आणि 6400 यांतला फरक शोधावा लागतो. दोन्हीकडे फरक 400 केल्विनचाच. प्रकाशाच्या फिल्टरचे काम करणारे लोक म्हणून मायरेड हे माप वापरतात, म्हणजे दहा लाखांना केल्विनने भागून येणारी संख्या. पहिल्या जोडीत ती 357 वरून साधारण 312 वर येते, दुसऱ्या जोडीत 167 वरून 156 वर. म्हणजे पिवळ्या टोकाला तोच फरक चौपट जाणवतो. यातून घ्यायचे ते असे, की पिवळ्या दिव्यांखाली शंभर-शंभर केल्विनने हात हलवावा आणि सावलीत किंवा ढगाळ उजेडात पाचशेच्या टप्प्याने हलवला तरी चालते.

कार्यालयात शिरल्यावर आधी दिवे मोजावेत

मुहूर्ताच्या तासभर आधी पोचावे आणि कॅमेरा बॅगेतून काढण्यापूर्वी एक फेरी मारावी. मंगल कार्यालयात सहसा चार-पाच प्रकारचे प्रकाश एकाच वेळी नांदत असतात. छताला पांढऱ्या ट्यूब किंवा एलईडीचे चौकोन, बहुधा 6500 केल्विनचे. मधोमध झुंबर, त्यात पिवळे बल्ब, 2700 ते 3000 चे. एका बाजूला उंच खिडक्या, त्यांतून येणारा दिवसाचा उजेड; ऊन थेट येत असेल तर 5500 च्या जवळचा, फक्त आकाशाचा असेल तर 7000 ते 8000 किंवा त्याहूनही निळा. स्टेजवर व्हिडिओवाल्याचे पॅनेल. आणि डेकोरेशनवाल्याने पडद्यामागे ठेवलेले, रंगीत झोत टाकणारे पार लाइट.

या शेवटच्या दिव्यांविषयी स्पष्ट सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त फोटो तेच बिघडवतात. जांभळा किंवा निळा पार लाइट नवरीच्या चेहऱ्यावर पडला, तर तो कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण निघत नाही. पांढऱ्या प्रकाशात, मग तो पिवळट असो की निळसर, सगळे रंग कमी-अधिक प्रमाणात हजर असतात, म्हणून त्यांचा तोल परत लावता येतो. निव्वळ निळ्या दिव्यात लाल रंग जवळजवळ नसतोच. मग कपाळावरचे कुंकू सेन्सरपर्यंत लाल म्हणून पोचत नाही, आणि जे पोचलेच नाही ते मागाहून आणता येत नाही. रात्री रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांखाली साडीचा रंग ओळखता येत नसे, त्याचेही कारण हेच होते. तेव्हा डेकोरेशनवाल्याला गाठून, मंगलाष्टका सुरू होण्यापासून सप्तपदी होईपर्यंत समोरून चेहऱ्यावर पडणारे रंगीत दिवे बंद ठेवा, मागच्या पडद्यावरचे खुशाल राहू द्या, असे सांगावे. आधी विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. ऐन मुहूर्तावर विचारले तर कोणाला ऐकायलाही येत नाही.

व्हिडिओवाल्याशीही दोन शब्द बोलावेत. त्याचे पॅनेल दोन रंगांचे असेल तर ते 3200 ते 5600 यांमध्ये कुठेही लावता येते आणि तो ते कुठे लावणार आहे यावर आपला अर्धा हिशेब ठरतो. छतावर पांढऱ्या ट्यूब आणि खिडक्या असतील तर त्याला 5600 वर राहायला सांगावे. संध्याकाळचे लग्न असेल आणि हॉलमध्ये सगळीकडे पिवळी झुंबरे असतील तर 3200 सोयीचे. एका जागी दोन जातींचे दिवे असतील तर शक्य तेवढी एक जात बंद करावी किंवा दुसरीसारखी करून घ्यावी. नंतर संगणकावर तासन्तास जाणारे काम कार्यालयाच्या स्विचबोर्डपाशी अर्ध्या मिनिटात होते.

भिंती आणि कापडही विसरू नये. गुलाबी पडद्यावरून परतलेला प्रकाश गुलाबी होतो, हिरव्या मॅटवर बसलेल्या माणसाची हनुवटी खालून हिरवी होते. घरच्या मांडवात छताला कापड लावायचे असेल तर पांढऱ्याचा आग्रह धरावा. निळी ताडपत्री टाळता येत नसेल तर नवरीचा पाट मांडवाच्या कडेला, तोंड मोकळ्या अंगणाकडे करून ठेवावा, म्हणजे चेहऱ्यावर बाजूचा स्वच्छ उजेड येतो आणि ताडपत्रीचा निळा फक्त केसांवर आणि खांद्यांवर राहतो.

कॅमेऱ्यात आकडा लावताना

ऑटो व्हाइट बॅलन्स आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारला आहे आणि पाहुण्यांच्या गर्दीत हिंडताना तो वापरायला हरकत नाही. हळदीत मात्र तो हमखास फसतो, आणि का फसतो ते समजून घेण्यासारखे आहे. चौकटीत दिसणाऱ्या रंगांवरून प्रकाश कोणता असावा याचा तो अंदाज करतो. हळदीने माखलेले हात, पिवळी साडी, झेंडूची तोरणे अशी चौकट भरली, की हा पिवळेपणा दिव्याचा आहे असे तो धरून चालतो आणि सगळे चित्र निळ्याकडे ओढतो. पुढच्या फोटोत पांढऱ्या सदऱ्यातले काका आले की तोच कॅमेरा वेगळा निर्णय घेतो. एकाच मिनिटातल्या दहा फोटोंत हळद दहा रंगांची दिसते आणि ते फोटो अल्बमच्या एका पानावर शेजारी बसत नाहीत.

यावर साधा उपाय म्हणजे केल्विनचा आकडा स्वतः लावून तो प्रकाश बदलेपर्यंत कायम ठेवणे. बहुतेक कॅमेऱ्यांत 2500 ते 10000 पर्यंतचा आकडा लावता येतो आणि अनेक मोबाइलांच्या प्रो मोडमध्येही ही सोय असते. हा आकडा म्हणजे ‘प्रकाश इतक्या केल्विनचा आहे’ असे आपण कॅमेऱ्याला सांगणे असते. त्यामुळे 3000 च्या दिव्याखाली 3000 लावले तर रंग सरळ येतात. तिथेच 5500 लावले, तर कॅमेरा प्रकाश निळसर समजून पिवळा मिसळतो आणि चित्र नारिंगी होते. थोडक्यात, कॅमेऱ्यावरचा आकडा वाढवला की चित्र पिवळे होते, कमी केला की निळे. नवशिक्यांना हे उलटे वाटते, पण एकदा घरातल्या एकाच बल्बाखाली 2500, 4000 आणि 7000 असे तीन फोटो काढून पाहिले की ते हाताला कायमचे बसते.

आकड्याचा अंदाज करण्यापेक्षा ग्रे कार्ड, म्हणजे कोणतीही झाक नसलेले करडे कार्ड, वापरणे अधिक खात्रीचे. कार्ड नवरीच्या चेहऱ्यापाशी, ज्या प्रकाशात ती बसणार आहे त्याच प्रकाशात, कॅमेऱ्याकडे तोंड करून धरायला सांगावे, चौकटीचा मधला भाग त्याने भरावा आणि कस्टम व्हाइट बॅलन्स घ्यावा. काही कॅमेऱ्यांत आधी कार्डाचा फोटो काढून मग मेनूतून तो निवडावा लागतो, काहींत प्रीसेट निवडून थेट माप घेता येते. आपल्या कॅमेऱ्याची पद्धत घरी बसून पक्की करावी, कार्यालयात शोधत बसू नये. हे जमणार नसेल तर निदान प्रत्येक नव्या प्रकाशात कार्डाचा एक फोटो तरी काढून ठेवावा. हळदीचा एक, गौरीहराचा एक, स्टेजचा एक, पंगतीचा एक. पुढे संगणकावर हे चार फोटो शेकडो फोटोंना वाट दाखवतात.

कार्ड घरी राहिले तर पांढऱ्या वस्तू शोधण्याचा मोह होतो, आणि लग्नात पांढऱ्या वस्तू पुष्कळ दिसतात. त्यांतली प्रत्येक वस्तू विश्वासाची नाही. भटजींच्या धोतराला नीळ दिलेली असते. डोळ्याला ते शुभ्र दिसते, पण प्रत्यक्षात निळसर असते, आणि त्यावरून माप घेतले की सगळे लग्न पिवळे पडते. छापील पत्रिकेच्या कागदातही बहुधा चकाकी आणणारी द्रव्ये असतात, जी उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर उजळतात. अंतरपाट चेहऱ्यांच्या अगदी मध्ये, नेमक्या प्रकाशात धरलेला असतो, म्हणून तो आदर्श वाटतो, पण तो रेशमी असेल तर बहुधा सायीच्या रंगाचा असतो आणि त्यावरून घेतलेले माप चित्र थंड करते. मला आतापर्यंत सर्वांत कमी दगा दिला तो पांढऱ्या रांगोळीने. ती दगडाची भुकटी असते, तिला नीळ लागलेली नसते. फक्त ती जमिनीवर असते, म्हणून चिमूटभर रांगोळी एखाद्या काळ्या पाकिटावर पसरून चेहऱ्याच्या उंचीवर धरावी आणि ती फोटोत पूर्ण फटफटीत होणार नाही एवढे एक्स्पोजर कमी ठेवावे.

ट्यूबलाइट आणि साध्या एलईडीखाली शटरचा वेगही रंग बदलतो, हे फार थोड्यांना माहीत असते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, आणि काही ट्यूबमध्ये त्याबरोबर रंगही हलतो. 1/500 सेकंदाच्या वेगाने काढलेल्या लागोपाठच्या फोटोंत एक पिवळट आणि एक हिरवट का आला, याचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते. 1/100 किंवा 1/50 वर राहिले तर प्रत्येक फोटोत पूर्ण आवर्तन येते आणि रंग स्थिर राहतो.

फ्लॅश वापरायचा असेल तर

फ्लॅशचा प्रकाश साधारण 5500 केल्विनचा, म्हणजे उन्हासारखा. पिवळ्या झुंबरांच्या हॉलमध्ये तो सरळ वापरला की माणसे स्वच्छ दिसतात, पण मागचा हॉल गडद नारिंगी होतो, आणि हॉल सावरायला आकडा कमी केला की माणसे निळी पडतात. अशा वेळी फ्लॅशवर सीटीओ नावाचे नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, लावावे. पूर्ण सीटीओ फ्लॅशला सुमारे 3000 च्या घरात आणते, अर्धे सीटीओ सुमारे 3800 च्या. मग कॅमेरा 3000 ते 3200 वर ठेवला की माणसे आणि मागचा हॉल एकाच प्रकाशात उभे असल्यासारखे दिसतात. पूर्ण जेल जवळजवळ एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश खाते, तेवढी फ्लॅशची ताकद वाढवावी. मला स्वतःला लग्नात अर्धे जेल अधिक आवडते. मागची झुंबरे त्यामुळे किंचित पिवळी राहतात आणि संध्याकाळ संध्याकाळच वाटते.

छतावरून फ्लॅश उडवताना छताचा रंग आधी पाहावा. पिवळसर किंवा हिरव्या रंगाच्या छतावरून परतलेला फ्लॅश 5500 चा राहत नाही.

संगणकावर बसल्यावर

या सगळ्यासाठी फोटो रॉमध्ये काढलेले असणे जवळजवळ अनिवार्य आहे. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स ही केवळ एक नोंद असते, सेन्सरची मूळ माहिती तशीच राहते आणि आकडा मागाहून बदलता येतो. जेपेगमध्ये तो तोल चित्रात मुरलेला असतो. पिवळ्या प्रकाशात लाल रंग काठोकाठ भरून गेला असेल तर ओढाताण करूनही शालूच्या घड्या परत येत नाहीत. म्हणून पिवळ्या दिव्यांखाली एक्स्पोजर पाहताना एकत्रित हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, विसंबू नये, लाल रंगाचा हिस्टोग्राम वेगळा पाहावा.

पहिले काम स्क्रीनचे. रात्री स्क्रीन पिवळी करणारा मोड बंद करावा, मोबाइलवर प्रकाशानुसार रंग बदलणारी सोय बंद करावी. बहुतेक स्क्रीनचा पांढरा 6500 केल्विनच्या मापावर ठरवलेला असतो आणि तो ढळलेला असेल तर आपण फोटोऐवजी स्क्रीन दुरुस्त करत बसतो. मग कार्डाच्या फोटोत ड्रॉपर, म्हणजे रंग टिपून तोल लावणारे साधन, लावावा, आलेले केल्विन आणि टिंट त्या प्रकाशातल्या सगळ्या फोटोंना एकदम द्यावेत आणि त्यानंतर चेहरे पाहावेत. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी या सर्वांत ही सोय आहे. मोबाइलवर स्नॅपसीडमध्येही ड्रॉपर मिळतो.

मिश्र प्रकाशाचे फोटो उरतात. अर्धा चेहरा खिडकीकडे, अर्धा झुंबराकडे, असा फोटो एका आकड्यात कधीच बसत नाही. चेहऱ्याचा जो भाग जास्त उजळ आहे, त्याला बरोबर करावे आणि दुसऱ्या बाजूवर ब्रशने केल्विन अर्ध्यापर्यंतच आणावे. पूर्ण आणले की चेहरा सपाट होतो, खिडकी आणि झुंबर दोन्ही खोटी वाटू लागतात. कार्डाच्या आकड्यापेक्षा नवरीची त्वचा जास्त ओळखीची वाटेल तिकडे थोडे झुकायलाही हरकत नाही. शालू आणि चुडा मात्र तपासून घ्यावेत, शक्य असेल तर घरच्यांना शालू प्रत्यक्ष उन्हात धरायला सांगून त्याचा एक संदर्भ फोटो आधीच काढून ठेवावा.

प्रत्येक ठिकाणी पांढरे पांढरेच करायचे, असेही नाही. रात्री नवरी माप ओलांडून घरात येते तेव्हा उंबरठ्याच्या आत समई तेवत असते. तिचा 1900 चा प्रकाश बऱ्याच कॅमेऱ्यांच्या आकड्यांच्याही खाली आहे, आणि संगणकावर तो पूर्ण सरळ केला तर समई समईच राहत नाही, कुठल्याशा बल्बासारखी दिसते. अशा वेळी मी कॅमेरा 2800 ते 3000 वर ठेवतो, ओटीवरची पांढरी ट्यूब दोन मिनिटे बंद करायला घरच्यांना आधीच सांगून ठेवतो आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवतो. मापातले तांदूळ थोडे सोनेरी येतात, हिरवा चुडा किंचित काळपट येतो. ते तसेच राहू द्यावेत.